ओठ गारठले की सूर उतरतो : ब्रास बँडबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या गावच्या ब्रास बँडच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या बँडच्या, डिसेंबरमधल्या कॉन्सर्टबद्दल लिहिलं होतं. इंग्लंडमधलं वेस्ट यॉर्कशायर, हडर्सफील्डच्या वर डोंगरात चिकटलेलं गाव, मेथडिस्ट चॅपल, बाहेर पाऊस की बर्फ ते ठरत नाही असं काहीतरी पडतंय, आत 26 माणसं आणि त्यात मी, मिरजेची, मांडीवर टेनर हॉर्न, म्हणजे मधल्या आवाजाचं पितळी वाद्य, घेऊन बसलेली. एवढंच होतं त्या लेखात. पण मेल इतके आले की संपादक म्हणाले ताई आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दामच घातलेली नाहीत.

ताई, आमच्याकडे बँड म्हणजे वरात. पुढे लाल कोटवाले, मागे जनरेटरची गाडी. तुम्ही लिहिता की तुमच्या बँडात कुणाला पैसे मिळत नाहीत, उलट तेच वर्गणी भरतात. मग हे चालतं कशावर? आणि लोक येतात कशाला? — एक वाचक, सांगली

काका, मलाही पटायला वेळ लागला. 11 वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बँडरूममध्ये गेले तेव्हा डोक्यात हाच हिशोब, की हे प्रकरण कितीला पडणार. तर खजिनदार बाईंनी एक हॉर्न काढून हातात ठेवला, वहीत सही घेतली आणि म्हणाल्या जा घरी घेऊन. वाद्य बँडचं, कोट बँडचा, शिकवणारे बँडातलेच जुने लोक, आणि वर्गणी महिन्याला 10 पौंड. मी घरी येईपर्यंत वळून वळून बघत होते, कोणी मागे येतंय का म्हणून.

हे समजून घ्यायचं तर इचलकरंजी डोळ्यासमोर आणा. इथे यॉर्कशायर-लँकेशायरला तशाच कापडगिरण्या आणि जोडीला कोळशाच्या खाणी. एकोणिसाव्या शतकात गिरणीमालकांनी आणि खाणवाल्यांनी कामगारांच्या बँडला वाद्यं घेऊन दिली, ब्रॅडफर्डजवळच्या क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक मिल्स बँड 1855 मध्ये जॉन फॉस्टर नावाच्या मालकाच्या पाठबळावर उभा राहिला, आणि तो आजही आहे, जगातल्या पहिल्या फळीत आहे. यात मालकाचं औदार्य किती आणि कामगार संध्याकाळी गुत्त्यावर न जाता तालमीला जावा हा हिशोब किती ते तुम्हीच ठरवा, मला तर हिशोबच जास्त वाटतो. पण कामगारांनी तो बँड आपला करून टाकला हेही तितकंच खरं.

त्यात वाद्यंही अगदी वेळेवर आली. 1840 च्या दशकात पॅरिसला अडॉल्फ सॅक्सनं (हो, सॅक्सोफोनवालाच) सॅक्सहॉर्न नावाची व्हॉल्ववाली पितळी वाद्यं काढली, आणि डिस्टिन नावाच्या वाजवणाऱ्या इंग्लिश कुटुंबानं ती इथे गावोगाव ऐकवली. तीन बटणं, एक हात, बास. दिवसभर मागावर किंवा खाणीत राबून जाड झालेल्या बोटांना व्हायोलिन जमणं कठीण, हे जमायचं. मग बँडाबँडांत चुरस सुरू झाली, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत 1853 ला मोठी स्पर्धा झाली आणि तेव्हापासून हे लोक एकमेकांशी जे भांडतायत ते अजून थांबलेले नाहीत.

गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, बँड उरले. बार्न्सलेजवळच्या ग्राइमथॉर्प कोलियरी (म्हणजे कोळशाची खाण) बँडची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ असते. ऑक्टोबर 1992 मध्ये सरकारनं खाणी बंद करायची यादी जाहीर केली, त्यात यांची खाण, आणि त्याच महिन्यात हे लोक लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला राष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. 1993 ला खाण बंद झाली. बँडच्या नावात कोलियरी अजून आहे.

आता पैसे. आमच्या पाठीशी मालक वगैरे कधी नव्हताच. इथून जवळच ब्रिगहाऊस अँड रॅस्ट्रिक म्हणून नामी बँड आहे, तोही पहिल्यापासून लोकवर्गणीवर चालणारा, आणि 1977 च्या हिवाळ्यात त्यांची एक रेकॉर्ड पॉपच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरावर जाऊन बसली होती, पहिल्यावर पॉल मॅकार्टनी होता म्हणून, नाहीतर… असो. आमची लायकी त्यांच्या पायरीपाशीही नाही, पण पद्धत तीच. वर्षाचं निम्मं उत्पन्न डिसेंबरच्या तीन आठवड्यांत येतं. सुपरमार्केटच्या दारात आठ-दहा जण उभे राहून कॅरल, म्हणजे ख्रिसमसची गाणी, वाजवतात, एकजण बादली घेऊन हसत उभा राहतो. रस्त्यावर बादली फिरवायची तर कौन्सिलचं परमिट काढावं लागतं, सुपरमार्केटच्या आवारात मॅनेजरची परवानगी. वरून कॉन्सर्टची तिकिटं, मध्यंतरात चहा आणि मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेला गोड पदार्थ), आणि रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत. रॅफलवर इथला निम्मा समाज उभा आहे असं माझं मत झालंय.

आणि जाता जाता, वरातीच्या बँडाला कमी लेखू नका हं. पुण्याच्या गणपतीत प्रभात नाहीतर दरबार बँड ऐका. ती माणसं चालत, घामात, तासन् तास, समोर कागद नसताना वाजवतात. आमच्या बँडात कागद वाऱ्यानं उडाला की वाजवणारा मुका होतो. म्हणून तर स्टँडला कपड्यांचे चिमटे लावतो आम्ही.

मी हार्मोनियम शिकवतो. तुम्ही लिहिलंत की थंडीत तुमच्या बँडचा सूर उतरला आणि चॅपलच्या पियानोशी जुळेना. पितळ थंडीनं आकसतं म्हणून का? — एक वाचक, नाशिक

सर, हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला कारण आमच्या बँडात याच्यावरून दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी कोणीतरी हेच पितळाचं कारण सांगतं. पितळ आकसतं हे खरं, पण केसभर, आणि आकसलं तर नळी आखूड होईल ना, म्हणजे सूर उलट चढायला हवा.

खरी गंमत हवेची आहे. या वाद्यांत वाजतो तो नळीतल्या हवेचा खांब. आवाज हवेतून 0 डिग्रीला सेकंदाला साधारण 331 मीटर जातो, 20 डिग्रीला 343 मीटर. नळी तेवढीच राहिली आणि आवाजाचा वेग घटला तर सूर खाली येणारच. तुमच्या भाषेत सांगायचं तर सगळी 20 डिग्री धरली तर पांढरी 1 आणि काळी 1 मध्ये जेवढं अंतर आहे त्याच्या निम्म्याहून थोडं जास्तच उतरतो. प्रत्यक्षात एवढा उतरत नाही कारण फुंकरीची ऊब आत जात राहते.

आणि इथेच खरा घोळ. सगळे सारखेच उतरले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण कॉर्नेटची नळी साडेचार फूट, ती चार फुंकरींत तापते. मोठ्या बी-फ्लॅट बासची 18 फूट, ती तापवायला वाजवणाऱ्याला कॉन्सर्टचा पूर्वार्ध लागतो. म्हणजे वरचे लोक गरम, खर्जातले गार, आणि मधे आम्ही हॉर्नवाले दोघांचं ऐकून गोंधळलेले. सूर चढवायला ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता तुकडा, आत ढकलायची असते, पण ती पूर्ण आत गेली की पुढे काय ढकलणार, तिथून पुढे ओठांनी ओढायचं. आणि सगळ्यात दुष्ट म्हणजे ग्लॉकनस्पील, ते लोखंडी पट्ट्यांचं किणकिण वाजतं ते. ते थंडीत उतरत नाही. सगळा बँड खाली गेलेला आणि वर हे एकटं खऱ्या पट्टीत टिणटिण करतंय, ऐकणाऱ्याला वाटतं तेच बेसूर आहे.

मी मिरजेची, सतारमेकर गल्लीजवळ वाढले, तंबोऱ्याची तार थंडीत ताणून चढते हे लहानपणी ऐकलेलं, पहिल्या वर्षी मी छातीठोकपणे सांगितलं की थंडीत वाद्य चढतं. तंतुवाद्य चढतं, फुंकीचं उतरतं. त्या दिवसापासून मला बँडात हवामानाबद्दल कोणी काही विचारत नाही.

उपाय फार नाहीत. वाजवायचं नसेल तेव्हाही नुसता गरम श्वास आत सोडत राहायचा, आवाज न काढता. माऊथपीस खिशात किंवा सरळ काखेत ठेवायचा, थंडगार धातू ओठाला लागला की ओठ बधिर होतात आणि मग सूर राहू दे, आवाजच फुटत नाही. बोटं कापलेले हातमोजे. बाहेर वाजवताना शून्याखाली गेलं तर आतला ओलावा गोठून व्हॉल्व अडकतात, दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीच्या आवारात माझा दुसरा व्हॉल्व खाली गेला तो वर येईना, अख्खी कॅरल मी उरलेल्या सुरांवर काढली. कोणाच्या लक्षात आलं नाही हे जरा लागलंच.

डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये ट्रम्पेटचा रियाज करता येईल का? — एक वाचक

येईल, एकदाच. मग सोसायटीची मीटिंग लागेल. प्रॅक्टिस म्यूट नावाचं बूच मिळतं, ते भोंग्यात घातलं की आवाज शेजारच्या खोलीपुरता उरतो, पण सारखं त्याच्यावरच वाजवू नका, फुंकताना अडतं आणि सवय बिघडते. रविवारी मैदानावर जा.

मी 52 वर्षांची, लेस्टरला राहते. आयुष्यात वाद्य हातात धरलेलं नाही, नोटेशन येत नाही, वरचे दोन दात बसवलेले आहेत. आमच्या भागातल्या बँडनं बिगिनर्स ग्रुप काढलाय. जाऊ का? हसतील का?

जा. हसतील, पण सगळ्यांवरच हसतात.

दातांचं आधी, कारण ते लोक विचारायला लाजतात. कॉर्नेटचा माऊथपीस लहान, तो ओठाच्या छोट्या जागेवर टेकतो, दातांवर दाब जाणवतो. हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, बास, जसं खाली जाल तसा माऊथपीस मोठा होत जातो आणि नवख्या माणसाला आणि नाजूक दातांना बरा पडतो. आमच्याकडे एक आजोबा पूर्ण कवळी लावून बास वाजवतात. तुमच्या डेंटिस्टला मात्र विचारून घ्या, मी काही डेंटिस्ट नाही.

आवाज कसा काढायचा? लहान मुलं ओठ मिटून फुर्रर्र करतात ना, तेच, फक्त ओठ जरा घट्ट. पहिले काही दिवस म्हैस हंबरल्यासारखा आवाज येईल. दिवसाला 10 मिनिटंच करा, पण रोज, आठवड्यातून एकदा दोन तास बसलात तर ओठ सुजतील आणि तुम्ही सोडून द्याल.

बोटांचं तर इतकं सोपं आहे की कोणाला सांगू नका. तीन व्हॉल्व. दुसरा दाबला की सूर अर्ध्या पायरीनं उतरतो, पहिला दाबला की पूर्ण पायरीनं, तिसरा दीड. सगळे मिळून 8 प्रकारची दाबादाबी, बाकी वर-खाली जायचं ते ओठांनी. आणि नोटेशनची भीती वाटते तर हे ऐका. ब्रास बँडमध्ये मुळात दोनच पट्ट्यांची वाद्यं, काळी 5 आणि काळी 2. इथले लोक त्यांना बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट म्हणतात. पण कागदावर जो मूळ सा लिहिलेला असतो तो प्रत्येकाला एकाच पद्धतीनं वाजवायचा, एकही बटण न दाबता. कोणाचा काळी 5 मधून निघेल, कोणाचा काळी 2 मधून, त्याची काळजी संगीत लिहिणाऱ्यानं आधीच घेतलेली आहे. ट्रॉम्बोनवाले आणि तालवाले सोडले तर सगळे एकाच चावीत, एकाच बोटांनी. म्हणून बँडात आज हॉर्न वाजवणारा उद्या बासवाला आजारी पडला की त्याच्या खुर्चीत जाऊन बसू शकतो. दम लागतो तो भाग वेगळा.

मला सुरुवातीला या सगळ्याची काही कल्पना नव्हती. मी पेटीवर भजनं वाजवणारी बाई, मला वाटलं पुन्हा पहिलीपासून. तसं झालं नाही. सा रे ग म डोक्यात पक्कं असलं की माणूस कागदाच्या थोडा पुढे असतो.

माझी नात हॅलिफॅक्सला असते, 11 वर्षांची. शाळेत ट्रम्पेट छान वाजवायची, बक्षीसही आहे. गावच्या बँडात घेतलं तर हातात कॉर्नेट दिला आणि "थर्ड कॉर्नेट"ला बसवलं. म्हणजे तिसरा नंबर? तिची आई म्हणते ते तसंच असतं. मला फार वाईट वाटलं. ख्रिसमसच्या कार्यक्रमाला मी जाणार आहे, तेव्हा तिला काय सांगू? — एक आजी, पुणे

आजी, आधी कॉर्नेटचं. ब्रास बँडात ट्रम्पेट नसतोच, कोणालाच देत नाहीत. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ, नळीची लांबी तेवढीच, पण नळी हळूहळू रुंदावत जाते म्हणून आवाज मऊ येतो. ट्रम्पेट भाल्यासारखा जातो. 25 पितळी वाद्यं एका खोलीत बसवायची तर मऊच बरी.

आता थर्ड कॉर्नेट. पूर्ण बँडात बी-फ्लॅट कॉर्नेट 9 असतात: 4 सोलो, 1 रिपियानो, 2 सेकंड, 2 थर्ड, आणि वर एक चिमुकला सोप्रानो वेगळा. थर्ड म्हणजे परीक्षेतला तिसरा नंबर नव्हे, खालच्या आवाजाची ओळ. पोवाड्यात शाहीर पुढे असतो आणि मागे झीलकरी "जी जी रं जी" धरतात, तसं समजा. झीलकऱ्यांशिवाय शाहीर उभा करून बघा, चार ओळींत त्याला दम लागेल आणि ऐकणाऱ्यालाही कसंतरी होईल.

पण मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. खरं हे आहे की बहुतेक गावच्या बँडांत नवीन मुलांना तिथेच बसवतात, कारण सूर खालचे, ओळ सोपी, आणि चुकलं तर झाकलं जातं. तिच्या आईनं सांगितलं ते बरोबरच आहे. मला स्वतःला ही पद्धत पूर्ण पटत नाही. थर्डला दोन्ही नवखे बसवले की खालचा आधार जातो आणि सोलोवाले कितीही चमकले तरी बँड पोकळ ऐकू येतो, म्हणून एक तरी पक्का वाजवणारा तिथे मुद्दाम बसवायला हवा असं मी कमिटीत तीनदा बोलले आहे. तिन्ही वेळा चहा आला.

शाळेत एकटीनं वाजवलेलं आणि हे, यात मोठा फरक आहे. एकटीला आपला सूर ऐकायची सवय असते. इथे 24 बार, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, गप्प बसून मोजायचे आणि पंचविसाव्याला नेमकं आत शिरायचं. मोजणं हीच पहिल्या वर्षाची खरी परीक्षा. मला अजून मोजता येत नाही, मी शेजारणीच्या खांद्याकडे बघते, ती श्वास घ्यायला खांदा उचलते तेव्हा मी पण घेते. ती आजारी पडली की मी गेले.

कॉन्सर्टला तुम्ही एक करा. पहिल्या रांगेत बसू नका, तिथे फक्त सोलोवाले ऐकू येतात. मागे किंवा गॅलरी असेल तर वर बसा. संथ कॅरल लागली की चालीकडे कान देऊ नका, चाल तुम्हाला आपोआप ऐकू येईल, तिच्या खाली काय हलतंय ते शोधा. नात सापडेल. मग घरी गेल्यावर तिला तिचीच ओळ गुणगुणून दाखवा. तिनं ती ओळखली की काय चेहरा करते ते मला कळवा.

आमच्या वाड्यावर फेस्ताच्या दिवसांत पहाटे आल्वोराद वाजवत बँड फिरतो. तुमच्या बँडशी त्याचं काही नातं? — एक वाचक, मडगाव

लांबचं चुलत. गोव्यातला बँड आला तो पोर्तुगीज वाटेनं, त्यांच्याकडच्या गावोगावच्या फिलार्मोनिका बँडांत क्लॅरिनेट-सॅक्सोफोनही असतात. इथल्या ब्रास बँडात लाकडी किंवा पत्तीवालं वाद्य चालतच नाही, सगळं ओठांवर वाजणारं. त्या हिशोबानं आपल्या वरातीचा बँडही ब्रास बँड नव्हे, कारण त्यात पुढे क्लॅरोनेटवाला असतो आणि बहुतेक वेळा तोच हिरो असतो. गोव्याची खरी श्रीमंती मात्र चर्चच्या शाळांत होती, तिथे मुलांना स्वरलिपी शिकवायचे, आणि ती वाचू शकणारे गोवेकर मग पोलीस बँडांत आणि मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत जाऊन बसले.

पण इथल्या हिवाळ्याशी मुंबईचा एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. ख्रिसमसला रस्त्याच्या कोपऱ्यावर गणवेशात वाजवणारे ते साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे लोक. त्यांचा बँड सुरू झाला 1878 ला, सॉल्झबरीला, फ्राय नावाच्या बिल्डरनं आपल्या तीन मुलांना घेऊन रस्त्यावरच्या सभांत वाजवायला सुरुवात केली तिथून. आणि चारच वर्षांत, 19 सप्टेंबर 1882 ला, त्यांची चार माणसं मुंबई बंदरात उतरली. पुढारी फ्रेडरिक टकर, आधी इंग्रज सरकारचाच आयसीएस अधिकारी. वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी त्यांना अटक केली. मुंबईत मिरवणुकीच्या आवाजावरून पोलीस आणि मंडळं यांची जी बोलाचाली दर वर्षी चालते तिला केवढी जुनी परंपरा आहे बघा.

मधेच सगळे वाद्य उलटं करून थुंकी काढतात, चर्चच्या जमिनीवर! किळस नाही वाटत?

ती बरीचशी थुंकी नसतेच हो, श्वासातली वाफ थंड पितळाला लागून पाणी होतं, आरशावर फुंकल्यावर होतं तसं. थंडीत जास्त होतं. नाही काढलं तर सूर गुळण्या केल्यासारखा येतो. आम्ही पायाशी जुने टॉवेल टाकतो. चॅपलच्या बाईंनी गालिचा घातल्यापासून.

कॉन्सर्टमध्ये काय काय वाजवता ते नीट लिहाच, मागच्या वेळी घाईत संपवलंत. आणि मराठी काही वाजवता का? — तीन-चार वाचकांनी विचारलंय

सुरुवातीला एक जोरदार मार्च, म्हणजे उशिरा येणारे खुर्चीत बसेपर्यंत. मग कॅरल, लोकांनी उभं राहून गायच्या. यात एक यॉर्कशायरी खोडी आहे. मेंढपाळांवरची "व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड" ही कॅरल बाकी इंग्लंड एका चालीत गातं आणि आमच्याकडचे लोक हट्टानं क्रॅनब्रुक नावाच्या चालीत गातात, जी कँटरबरीच्या थॉमस क्लार्क नावाच्या जोडे शिवणाऱ्या माणसानं 1805 च्या सुमाराला छापली होती. कँटरबरी म्हणजे पार दक्षिणेला. पण पुढे याच चालीवर इल्कली मूरवर टोपी न घालता फिरणाऱ्या माणसाचं गमतीचं गाणं इथे रुजलं आणि आता ती चाल यॉर्कशायरची आहे, दक्षिणेची आहे म्हणालात तर भांडण. शेवटच्या ओळी लोक दोनदा-तीनदा घोळवतात, आमचं वाजवून संपलं तरी ते गातच असतात.

उत्तरार्धात मुलांचा ट्रेनिंग बँड दोन गाणी वाजवतो, तेव्हा सगळ्यात जास्त फोन वर होतात. मग युफोनियमचा सोलो. आणि शेवटी बहुतेक वर्षी "स्ले राइड", बर्फावरून घोडा ओढतो त्या घसरगाडीचं. हे लेरॉय अँडरसनला सुचलं 1946 च्या जुलैत, अमेरिकेत कडक उन्हाळ्याची लाट होती तेव्हा. त्यात चाबूक म्हणजे बिजागरीवर जोडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, फटाक करून मिटायच्या, आणि अगदी शेवटी कॉर्नेटवाला व्हॉल्व अर्धे दाबून घोडा खिंकाळवतो. मागच्या वर्षी चाबूक एक बार आधी वाजला. घोडा मात्र वेळेवर.

मराठी… हो, प्रयत्न केलाय. गणपतीच्या दिवसांत एका मंगळवारी मी आरतीची चाल आठ जणांसाठी हातानं लिहून नेली. पहिली अडचण अशी की व्हॉल्ववाल्या वाद्यावर मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, टपकन उडी पडते. घसरता येतं ते फक्त सरकत्या नळीच्या ट्रॉम्बोनला, म्हणून त्या दादाला ती जागा दिली आणि त्यानं ती इतकी रंगवली की जोकर आल्यासारखं झालं. ड्रमवाल्याला ठेका कागदावर समजेना, मग मी कागद फाडला आणि तोंडानं धा गे न ति न क धि न म्हणत राहिले, ते त्यानं दोन मिनिटांत उचललं. बासवाले आजोबा नुसता सा धरून बसले होते, तंबोऱ्यासारखा, आणि तो 18 फुटी सा जमिनीतून पायात येत होता. डोळे भरून आले, खोटं का सांगू. पण कॉन्सर्टला वाजवलं नाही, कंडक्टर म्हणाला अजून कच्चं आहे, आणि होतंच कच्चं.

यंदा परत लिहून काढतेय, मींडेच्या जागाच गाळून. कॉन्सर्ट डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी 7 ला. येणार असाल तर कोट काढू नका, चॅपलची हीटिंग फक्त एक तास आधी लावतात आणि ती मध्यंतरापर्यंत छताशीच फिरत असते. रॅफलला मी या वेळी आईकडून आलेली शेंगदाण्याच्या चटणीची बाटली ठेवलीये, तिखट आहे असं चिठ्ठीवर लिहिलंय, गेल्या वर्षी लिहिलं नव्हतं.